चौतीसची कंबर

“रिपोर्टची अदलाबदल झाली आहे,” असं मी डॉक्टर मॅडमना सांगितलं. “हा माझा नाही, माझ्या भावाचा आहे. तो बाहेर बसला आहे. एकदा बघा तरी त्याच्याकडे.”

मॅडमनी काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. बाकावर माझा धाकटा भाऊ विलास दोन माणसांची जागा अडवून बसला होता. त्याचं वजन ब्याण्णव किलो. आत खुर्चीत मी होतो, एकसष्ट किलोचा. मॅडमनी कागदावरचं नाव वाचलं, वय वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला टाइप टू डायबिटीस आहे. तुमचा एचबीए१सी आठ पूर्णांक सहा आला आहे. भावाचा पाच पूर्णांक चार आहे, म्हणजे नॉर्मल.”

एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साधारण किती साखर होती ते सांगणारी तपासणी. आदल्या दिवशी तुम्ही उपाशी राहिलात तरी ती फसत नाही. साडेसहा किंवा त्याच्या पुढे आकडा गेला की डायबिटीस धरतात.

आजाराची भीती मला बऱ्याच उशिरा वाटली. त्या खुर्चीत आधी राग आला, आणि तो आजारावर नव्हता, बाहेर बसलेल्या माणसावर होता. त्याले नाही तर मले काहून? मनातल्या मनात मी नेमकं असंच म्हटलं.

हे सगळं लिहिण्याचं कारण सांगतो. माझ्यासारखी बारीक दिसणारी, हातापायांनी काडी असलेली आणि शर्टाखाली छोटासा माठ बाळगणारी माणसं नागपुरात काही कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर निदान माझ्यासारखं डॉक्टरशी भांडणार नाही. दुसरं कारण असं की या आजारपणात मी एक वाईट गोष्ट केली, आणि ती सांगितल्याशिवाय उरलेलं सांगता येत नाही.

मी शिंपी आहे. एक्कावन्न वर्षांचा असताना मला हे कळलं. आमचं घर तांडापेठेतलं, विणकरांचं. बाबा हातमागावर लुगडी विणायचे. मागाचं काम आमच्या पिढीपर्यंत टिकलं नाही. मी पॅन्ट शिवायला शिकलो आणि विलास बुटीबोरीच्या कापड कारखान्यात लागला. माझं दुकान घरापासून दहा मिनिटांवर आहे. तीस वर्षं मी बहुतेक पॅन्टच शिवतो आहे. म्हणजे तीस वर्षं लोकांच्या कंबरा मोजतो आहे, हे ध्यानात ठेवा.

विलास माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. जन्मला तेव्हापासून तो अंगाने भरलेला. आई त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली की येणारीजाणारी बाई थांबायची. मी बाजूला उभा असलो तर म्हणायची, “हा वं काहून असा वाळला? याले खाऊ नाही घालत का?” पुढे त्याला कायमची नोकरी लागली, कंपनीची बस दारापाशी येऊ लागली. त्याला हसायलाही फार काही लागत नाही. कुठल्याही लग्नात लोक त्याच्याभोवती जमतात आणि मी पंगतीत कुणी ओळखीचं दिसतं का ते पाहत फिरतो.

पण चाळिशीनंतर दिवस बदलले. जाड असणं हे कौतुकाचं राहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे त्याच्यापेक्षा बरी म्हणावी अशी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे माझं वजन. मी त्याला चारचौघांत ‘ढोल्या’ म्हणायला लागलो. “ढोल्या, शुगर तपासून घे, बाबाले होती.” तो हसायचा. बाबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. ती जखम आम्ही दोघांनी धुतली होती, आळीपाळीने. तरीही मी ते थट्टेत म्हणायचो.

लक्षणं मला होती. मी ती ओळखली नाहीत. सुईत दोरा ओवता येईना. एखाद्या दिवशी नीट दिसायचं, दुसऱ्या दिवशी सुईला दोन भोकं दिसायची. चष्मा बदलला. दोन महिन्यांत पुन्हा बदलला. चष्मेवाल्याने तिसऱ्यांदा नंबर काढायला नकार दिला आणि म्हणाला, “काका, आधी शुगर पाहा, मग काच पाहू.” रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगाचा आकारही थोडा बदलतो, हे मला नंतर कळलं. मी ते घरी सांगितलंच नसतं. पण चष्मेवाला माझ्या बायकोच्या, शोभाच्या, माहेरच्या ओळखीचा निघाला. तिने परस्पर विलासला फोन केला. त्याने सुटी घेतली, मला गाडीवर बसवून नेलं आणि लॅबमध्ये म्हणाला, “दोघांचंही रक्त घ्या. मीच काहून मागं राहू?”

म्हणून तर अदलाबदलीचा मुद्दा माझ्या हाती सापडला.

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी दुसऱ्या लॅबची चिठ्ठी दिली. दोन दिवसांनी आकडा आला आठ पूर्णांक पाच. उपाशीपोटीची साखर एकशे ब्याऐंशी. मी तो कागद घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर बसलो, या वेळी विलासलाही आत बोलावलं होतं, आणि मी विचारलं, “मॅडम, मग हा कसा सुटला?”

लाज वाटते, पण हाच माझा पहिला प्रश्न होता. गोळी कोणती, पथ्य काय, हे मी विचारलंच नाही.

मॅडमनी खणातून टेप काढला. तसाच पिवळा टेप माझ्या गळ्यात तीस वर्षं आहे, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. मी कायम इंचाची बाजू वापरली. त्यांनी ती उलटवली.

“शर्ट वर घ्या. श्वास सोडा. पोट आत ओढू नका.”

त्यांनी शेवटची बरगडी चाचपली, खाली कमरेचं हाड चाचपलं आणि दोन्हींच्या बरोबर मधे, जवळपास बेंबीवरून, टेप फिरवला. माझ्यातला शिंपी गप्प बसेना. “मॅडम, कंबर तिथे नसते. कंबर पट्ट्यापाशी असते. माझी चौतीस आहे.”

“शिंप्याची पट्ट्यापाशी असेल,” मॅडम म्हणाल्या, “माझी इथेच असते. सत्त्याण्णव सेंटिमीटर. म्हणजे अडतीस इंचांच्याही थोडी वर.”

विलास हसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

आता ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण मी तीस वर्षं ती समजून घेतली नव्हती. आपल्याकडचा माणूस चाळिशीनंतर पॅन्ट पोटावरून घालत नाही, पोटाखालून घालतो. पोट पट्ट्याच्या वरून बाहेर येतं आणि पट्टा जिथल्या तिथे राहतो. शिंपीही टेप तिथेच लावतो, कारण पॅन्ट तिथेच बसणार असते. माणूस मरेपर्यंत चौतीसचा राहू शकतो. माझ्या दुकानात असे कितीतरी आहेत, आणि त्यात मी होतो.

मॅडमनी विलासलाही मोजलं, कागदावर आम्हा दोघांची नावं लिहिली आणि चार मापं मांडली.

पहिलं बीएमआय, म्हणजे बॉडी मास इंडेक्स. किलोतलं वजन, भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. माझं बावीस पूर्णांक चार, अगदी नॉर्मल. विलासचं जवळजवळ तीस. भारतीयांसाठी तेवीसच्या वर गेलं की सावध व्हायचं असतं. या मापाने तो नापास, मी पहिल्या वर्गात पास.

दुसरं नुसती कंबर. आपल्या पुरुषांसाठी नव्वद सेंटिमीटर ही हद्द, बायकांसाठी ऐंशी. माझी सत्त्याण्णव, त्याची पंच्याण्णव. दोघे नापास. एकतीस किलोंनी जड असलेल्या माणसाची कंबर माझ्यापेक्षा दोन सेंटिमीटरने कमी निघाली.

तिसरं वेस्ट-टू-हिप रेशो, कमरेला नितंबांच्या घेराने भागायचं. पुरुषाचा आकडा शून्य पूर्णांक नव्वदच्या आत हवा. त्याचा शून्य पूर्णांक शहाऐंशी आला. माझा एकाच्या वर गेला.

चौथं वेस्ट-टू-हाइट रेशो. कंबर आपल्या उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, बस. माझी उंची एकशे पासष्ट, निम्मे साडेब्याऐंशी. मी किती वर होतो ते तुम्हीच काढा. विलासची कंबरही त्याच्या निम्म्याच्या वर होती, पण माझ्याइतकी नाही.

“चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं,” मॅडम म्हणाल्या. “मांड्यांवरची, कातडीखालची चरबी फारसा त्रास देत नाही. पोटाच्या आत, लिव्हरभोवती, आतड्यांभोवती जी साठते तिला व्हिसेरल फॅट म्हणतात. ती इन्सुलिनचं काम बिघडवते. आपल्याकडे बारीक माणसांतही ती भरपूर सापडते. वजनकाट्याला ती दिसत नाही.”

मी माझ्या भाषेत ते असं समजून घेतलं. वजन म्हणजे कापड किती मीटर लागलं ते. ते खिशाला लावलं की बाहीला, हे मीटरवरून कळत नाही.

मॅडमनी मला गोळ्या लिहून दिल्या, जेवणाचा तक्ता दिला, डोळ्यांचा पडदा आणि पायांच्या नसा तपासायला सांगितलं. विलास म्हणाला, “तुम्ही सांगा मॅडम, मी दादाच्या गोळ्या आणतो खालून,” आणि चिठ्ठी घेऊन उठला. तो बाहेर पडल्यावर मॅडमनी दुसरा कागद पुढे ओढला. त्यावर त्याचं नाव, त्याची चार मापं आणि खाली एक ओळ होती. कंबर कमी करा, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

“हा भावाला द्या,” त्या म्हणाल्या. “आज त्यांची शुगर नॉर्मल आहे, एवढंच. त्यांना सूट मिळालेली नाही. वडिलांना होती, कंबर हद्दीबाहेर आहे. एका मापात पास झालं म्हणून भागत नाही. आठवणीने सांगा.”

मी मान हलवली. कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली. जिन्यावर विलास गोळ्यांची पिशवी घेऊन भेटला आणि म्हणाला, “मले काही सांगतलं का गा मॅडमनं?”

“तू एकदम फिट,” मी म्हणालो.

तो कागद मी दुकानात नापाच्या वहीत ठेवला. गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली ती जाड वही, त्यात ‘व’च्या पानावर. चौदा महिने तो तिथे होता.

त्या चौदा महिन्यांतल्या माझ्या मनाबद्दल लिहायचं तर सोपं नाही. सकाळी उठून बोटाला टोचायचं, आकडा बघायचा, चहा बिनसाखरेचा, भात दोन चमचे. शोभा मोजून वाढायची. “असे काय पाहून राहिले ताटाकडे? ते काय पळून चाललं?” म्हणायची. रविवारी विलास दुकानात यायचा तेव्हा त्याच्या हातात कोपऱ्यावरचा आलुबोंडा असायचा, तेल कागदातून झिरपलेला. तो स्टुलावर बसून खायचा आणि मी त्याचं खाणं पाहायचो. तो चावताना, गिळताना, बोटं चाटताना मी पाहायचो. दोघांचा बाप एक, घर एक, ताट एक, आणि साखर फक्त माझ्याच रक्तात. रात्रंदिवस माझ्या डोक्यात आजार नव्हता, तो होता.

पहिल्यांदा खव्याची जिलेबी कधी आणली ते आठवतं. डोळ्यांच्या तपासणीहून परत येत होतो. पडद्यावर सुरुवातीचे बारीक बदल आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे नजर अजून ठीक होती, पण खुणा दिसू लागल्या होत्या. शिंप्याला डोळे गेले तर काय उरतं? वाटेत मिठाईचं दुकान लागलं. काळी, जड, पाकात बुडालेली खव्याची जिलेबी. मी पाव किलो घेतली आणि विलाससमोर ठेवली.

“तुले आवडते ना? खा.”

“तुले चालत नाही गा दादा.”

“म्हणून काय झालं? तू खा.”

त्याने खाल्ली. मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या रविवारी पुन्हा आणली. मग दर रविवारी. शोभाला मी सांगायचो, भावाला आवडते, माझ्या तोंडाला नाही तर त्याच्या तोंडाला तरी लागू दे. तिला ते भावाचं प्रेम वाटलं. मलाही कधीकधी तसंच वाटायचं. पण खोलवर मी वाट पाहत होतो. कशाची, ते तुम्हाला कळलं असेल.

आणि माझ्या हातात माझा धंदा होता. पॅन्ट शिवताना मागच्या शिवणीत जादा कापड आत दुमडून ठेवतात, त्याला दाब म्हणतात. माणूस जाडला की शिंपी शिवण उसवतो, दाब सोडतो आणि पॅन्ट पुन्हा बसते. आमच्या धंद्याची एक रीत आहे. दाब सोडला हे गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगायचं नाही. दुकानात चार लोक बसलेले असतात, माणसाला लाज वाटते. “कापड आखडलं असेल” एवढं म्हणायचं. माझ्या स्वतःच्या पॅन्टींचा दाब मी असाच सोडत आलो होतो, स्वतःलाही न सांगता.

पावसाळ्यानंतर विलास चार पॅन्टी घेऊन आला. त्याला तोवर सुपरवायझर केलं होतं. दिवसभर साच्यांमधून, म्हणजे कापडाच्या यंत्रांमधून, फिरणारा माणूस आता खुर्चीत बसायचा. “दादा, धुऊन धुऊन आखडल्या वाटते गा.”

“आखडतात,” मी म्हणालो आणि चारही पॅन्टींचा दाब सोडला. दोन बोटं. संक्रांतीनंतर त्याने त्याच पॅन्टी पुन्हा आणल्या. उरलेला दाबही मी सोडला. माझ्या पायाने मशीन चालत होती आणि मी मनात मोजत होतो, इतकं वाढलं, इतकं वाढलं.

पुढच्या मे महिन्यात त्याच्या मुलीचं, पल्लवीचं, साक्षगंध ठरलं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. विलासला नवा पॅन्ट-कोट हवा होता, आणि तो मीच शिवायचा हे घरात कुणी विचारण्याचाही प्रश्न नव्हता. भर उन्हात तो दुकानात आला. मी माप घेतलं. पट्ट्यापाशी घेतलं, वहीत लिहिलं. मग, का ते माहीत नाही, टेप उलटा केला आणि मॅडमनी ठेवला होता तिथे ठेवला.

एकशे सात.

आधी मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. एकशे सात आकडा दिसला आणि छातीत काहीतरी हलकं झालं, जिंकल्यासारखं.

विलास स्टुलावर बसला. कोपऱ्यातल्या माठातून त्याने लोट्याने पाणी घेतलं आणि मान मागे टाकून, घटाघटा, न थांबता प्यायला. पुन्हा भरला, पुन्हा प्यायला. तिसऱ्यांदा भरला. बाबा असेच प्यायचे. मागाच्या खड्ड्यातून पाय वर काढून, मान मागे टाकून, लोट्यावर लोटा. आणि मला त्यांचा पाय दिसला, दोन बोटं नसलेला, आणि त्या पायाला पाणी घालणारे विलासचे हात दिसले. तेव्हा तो विशीत होता. माझी पाळी असायची तेव्हाही पुष्कळदा तोच धुवायचा, कारण मला वास सहन व्हायचा नाही.

मी वहीतून ‘व’चं पान उघडलं आणि तो कागद त्याच्या हातात दिला.

त्याने वाचला. तारीख वाचली. “हे मांगच्या वर्षीचं होय ना?”

“हो.”

“मंग आता काहून देऊन राहिला?”

मी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. कागद मुद्दाम लपवला. जिलेबी प्रेमाने आणली नाही. दाब सोडला तेव्हा खोटं बोललो. तुलाही व्हावं असं मला वाटत होतं.

त्याने कागद पुन्हा वरपासून वाचला. पंखा फिरत होता. बाहेरून कुणीतरी चेन बसली का म्हणून विचारून गेलं. शेवटी तो म्हणाला, “टेरिकॉट आखडत नाही हे मले माहीत नसंन का गा? कापडाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली मी.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू आखडली म्हणाला, तर मले बरं वाटलं.” त्याने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. “आन् जिलेबी मले दर रविवारी नको होती. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तुझं तोंड असं खुललं होतं का दादा... शुगर निघाल्यापासून तू हसलाच नव्हता. मी म्हटलं, याले खाता येत नाही, तर मले खाताना पाहून याचं मन भरत असंन. म्हणून खात होतो. तू हसाचा म्हणून.”

मी तोंड फिरवून मशीनकडे पाहत बसलो. मला शिव्या चालल्या असत्या. त्या त्याने नंतर दिल्या, चांगल्या भरपूर दिल्या, घरी, शोभासमोर. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. ते आठ दिवस मी आणखी कुणाला सांगणार नाही.

नवव्या दिवशी आम्ही मॅडमकडे गेलो. पुन्हा तोच काचेचा दरवाजा, या वेळी बाहेरच्या बाकावर मी आणि आत तो. समोर पाय बांधलेले एक आजोबा बसले होते. मी त्यांच्याकडे पाहणं टाळत होतो आणि मनात एकच घोकत होतो, नसू दे, त्याला नसू दे. हेवा करणाऱ्या माणसाने अशी प्रार्थना करावी हे मलाच विचित्र वाटत होतं.

मला आत बोलावलं. एचबीए१सी सहा पूर्णांक तीन. “याला प्रीडायबिटीस म्हणतात,” मॅडम म्हणाल्या, “म्हणजे उंबरठ्यावर. अजून आत गेलेले नाहीत. कंबर खाली आणली तर मागे फिरता येतं.”

“आणि ती तहान?” मी विचारलं.

“सहा पूर्णांक तीनला एवढी तहान लागत नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे, काका.”

मी विचारलं, “मॅडम, हे माझ्यामुळे झालं का?” त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. मी सांगायला लागलो तर विलास मधेच म्हणाला, “त्याचं काही ऐकू नका मॅडम. तोंड माहं होतं. खुर्चीही माहीच होती.” मॅडम म्हणाल्या की कुणा एकाच्या जिलेबीने हा आजार होत नाही. वडिलांकडून आलेलं असतं, बसून काम असतं, वाढलेली कंबर असते. पण हेही म्हणाल्या की सहा महिन्यांनी आला असतात तर बरं झालं असतं. ती दोन्ही वाक्यं मी जवळ ठेवली आहेत.

बाहेर पडताना मला पुन्हा त्याचा हेवा वाटला. त्याला मागे फिरता येणार होतं. मला मॅडमनी एवढंच सांगितलं होतं की नीट सांभाळलं तर आजार ताब्यात राहील.

साक्षगंधाचा कोट मी शिवला. पॅन्ट कापायला घेतली तेव्हा विलास समोर उभा होता. “दाब ठेवू नको,” तो म्हणाला.

“वेडा आहेस का? दाबाशिवाय कुणी शिवतं?”

“ठेवला तर तू सोडशीन. मी मागंन आन् तू सोडशीन. काप.”

तीस वर्षांत मी कधी दाब कापला नव्हता. शिकवणाऱ्याने पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच, जादा कापड आत राहू दे. मी त्याच्या पॅन्टीचा दाब कापला. मग साक्षगंधासाठीच शिवायला घेतलेली माझी पॅन्ट पुढे ओढली आणि तिचाही कापला. दोन्ही पट्ट्या टेबलावर पडल्या होत्या. विलासने त्या उचलून माझ्या नापाच्या वहीत खूण म्हणून घातल्या.

तुमच्यासाठी सांगायचं ते थोडक्यात. काट्यावरचा आकडा चांगला आहे म्हणून निश्चिंत राहू नका. घरात टेप नसेल तर सुतळी घ्या. डोक्यापासून पायापर्यंत उंचीएवढी कापा, मधे दुमडा आणि बेंबीवरून फिरवा. टोकं जुळली नाहीत तर रक्त तपासा. सुतळी डायबिटीस सांगत नाही, फक्त बघायला सांगते. आणि टोकं जुळली तरी घरात कुणाला शुगर असेल तर तपासाच. पॅन्टीच्या नंबरावर मात्र विश्वास ठेवू नका. तो आम्ही शिंप्यांनी तुमची मनं राखायला लिहिलेला असतो.

दुकानात आता मी चाळिशीपुढच्या गिऱ्हाइकाला विचारतो, आणखी एक माप घेऊ का? काही जण हसतात. एकजण रागावून दुसऱ्या शिंप्याकडे गेला. जाऊ दे.

आठ महिने झाले आहेत. माझा एचबीए१सी सहा पूर्णांक आठवर आला आहे, डोळ्यांत नवा बदल नाही. विलासचा पाच पूर्णांक सहा. तो बुटीबोरीत जेवणाच्या सुटीत आवारात फेऱ्या मारतो. त्याची कंबर अकरा सेंटिमीटरने उतरली, माझी आठने. होय, मला अजूनही सलतं. हा रोग गोळीने जात नाही. पण आता मी तो त्याच्यासमोर बोलून दाखवतो. “तुझी माझ्यापेक्षा लवकर उतरते गा,” म्हणतो. तो म्हणतो, “मंग चाल ना माह्यासंग.” सकाळी आम्ही दोघे चालतो. शोभाचे, मॅडमचे, त्या चष्मेवाल्याचे उपकार आहेतच, पण मला दोन पायांवर उभं ठेवलं आहे ते ज्याचं मी वाईट चिंतलं त्यानेच.

महिन्यातून एका रविवारी दुकानात आम्ही एकमेकांना मोजतो. तो टेप उलटा करतो, माझ्या बरगडीखाली बोट रुतवतो, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतो, “एकोणनव्वद!” समोरच्या किराणा दुकानातली माणसं वळून पाहतात. ज्या धंद्यात आकडा कधी मोठ्याने सांगायचा नसतो, त्या धंद्यात मी तीस वर्षं काढली आहेत. मी टेप त्याच्या हातून घेतो, त्याच्या त्या अवाढव्य पोटाभोवती फिरवतो, बेंबीवर दोन्ही टोकं आणतो आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडतो.